हँडहेल्ड आणि लिनक्स: विकत घेण्याआधी आणि विंडोज पुसण्याआधी

कोकणी_कर्नल (धागाकर्ता)

खरडफळ्यावर हल्ली तेच तीन प्रश्न फिरताहेत. व्हॉल्व्हचा स्टीम डेक घेऊ की आसुसचा ॲलाय (दोन्ही हातात धरून पीसी गेम खेळायची यंत्रं, म्हणजे हँडहेल्ड), ॲलायवरचं विंडोज काढून लिनक्स टाकू का, आणि टाकलं तर गेम चालतील का. उत्तरं दहा ठिकाणी विखुरली आहेत, म्हणून हा धागा. ज्याला जे नक्की माहीत आहे ते त्यानं इथं लिहावं. "मस्त चालतंय भावा" एवढ्यावर थांबू नका. कुठला गेम, कुठलं प्रोटॉन, किती वॉट, हे सांगा.

सुरुवात मी उलट्या टोकाकडून करतो. यंत्र सगळ्यात शेवटी निवडायचं. आधी तुम्ही खरोखर खेळता त्या दहा गेमची यादी करा (सेलमध्ये घेऊन ठेवलेले धरू नका), आणि त्यातले ऑनलाइन खेळायचे वेगळे काढा. लिनक्सवर गेम ग्राफिक्सपायी क्वचितच अडतो. अडतो तो अँटी-चीटपायी, म्हणजे ऑनलाइन चीटिंग पकडणाऱ्या प्रोग्रॅमपायी.

प्रोटॉन हे व्हॉल्व्हनं (स्टीम चालवणाऱ्या कंपनीनं) ऑगस्ट २०१८ मध्ये आणलेलं, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन, 'वाइन' या जुन्या साधनावर बेतलेलं. डायरेक्टएक्स (विंडोजचे गेम ग्राफिक्स चिपशी ज्या भाषेत बोलतात ती) ८ ते ११ चं काम त्यात डीएक्सव्हीके करतं, १२ चं व्हीकेडी३डी-प्रोटॉन, आणि दोन्हीचा माल शेवटी वल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सला कळणाऱ्या तशाच भाषेत, उतरतो. हा भाग आता मुरलेला आहे. पण काही अँटी-चीटना थेट विंडोजच्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) बसायचं असतं. इथं ते कर्नलच नाही, तर बसणार कुठे? ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी सप्टेंबर २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी सोय करून दिली, पण ती वापरायची की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून एकच अँटी-चीट असलेले दोन गेम, एक चालतो आणि दुसरा दारातूनच परत पाठवतो.

न चालणारे: व्हॅलोरंट, फोर्टनाइट, डेस्टिनी २, पबजी, रेनबो सिक्स सीज, बॅटलफील्ड ६, कॉल ऑफ ड्यूटीचे नवे भाग. एपेक्स लेजेंड्स चालत होता, ३१ ऑक्टोबर २०२४ ला दार बंद झालं. जीटीए ५ ची कथा चालते, ऑनलाइन सप्टेंबर २०२४ पासून नाही. चालणारे: काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ (यांच्या लिनक्स आवृत्त्याच आहेत), मार्व्हल रायव्हल्स, एल्डन रिंग ऑनलाइनसकट. बाकीच्यांसाठी 'आर वी अँटी-चीट येट' नावाचं संकेतस्थळ आहे, गेमचं नाव टाकून पाहा.

न चालणाऱ्यांपैकी एक जरी तुमचा रोजचा गेम असेल तर विंडोज ठेवा आणि हा धागा बंद करा. मन दुखेल, पण वीकेंड वाचेल.

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. एक शंका: स्टीमवर हिरवी 'व्हेरिफाइड' खूण दिसली की पुढे काही बघायची गरज नाही ना?

काटेकोर

आहे. ती खूण वेगाची नाही, सोयीची आहे. व्हॉल्व्ह चार गोष्टी तपासतं: कंट्रोलरनं सगळं करता येतं का, डेकच्या १२८०×८०० वर नीट दिसतं का आणि अक्षरं वाचता येतात का, मध्येच लाँचरची (गेमआधी उघडणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमची) खिडकी किंवा इशारे आडवे येतात का, आणि प्रोटॉनखाली (अँटी-चीटसह) चालतो का. अक्षरांचा निकष तर अगदी मोजून आहे: त्या रिझोल्यूशनला सगळ्यात लहान अक्षर ९ पिक्सेल उंचीपेक्षा कमी नको. ६० फ्रेम मिळतील असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. हिरवी खूण असलेले जड गेम ३० फ्रेमवरही धापा टाकतात.

उलट 'प्लेएबल' पिवळी खूण बऱ्याचदा नुसत्या लाँचरमुळे किंवा एखाद्या ठिकाणी कीबोर्ड उघडावा लागतो म्हणून असते. तिला घाबरू नका.

प्रोटॉन-डीबीवर (खेळणाऱ्यांचे अहवाल गोळा करणारं संकेतस्थळ) पदकाचा रंग बघू नका. खाली जाऊन गेल्या दोन-तीन महिन्यांतले अहवाल वाचा आणि त्यातही डेकचे वेगळे गाळून. तीन वर्षांपूर्वीचा 'चालत नाही' हा अहवाल आज रद्दी आहे. तितकाच जुना 'चालतो' हाही.

जुना_जॉयस्टिक

तरी घ्यायचं काय ते बोला की. ॲलायला १०८०पी, १२० हर्ट्झ स्क्रीन. डेकला ८००पी. किंमत बघता डेक म्हणजे जुनं सामान नाही का?

बॅटरीवाला

स्क्रीनवरून यंत्र ठरवलंत की इथंच फसता. हिशोब पिक्सेलचा आणि वॉटचा लावा.

डेकची स्क्रीन १२८०×८००, म्हणजे सुमारे १० लाख पिक्सेल. ॲलायची १९२०×१०८०, सुमारे २१ लाख. लेनोवो लीजन गोची २५६०×१६००, म्हणजे डेकच्या बरोबर चौपट. प्रत्येक फ्रेममध्ये तेवढे पिक्सेल कुणीतरी रंगवायचे आहेत, आणि रंगवणाऱ्याला वॉट लागतात. मोठ्या स्क्रीनवर शेवटी सगळे रिझोल्यूशन खाली आणून एफएसआर (लहान चित्र मोठं करणारं तंत्र) लावतातच.

आता बॅटरी. डेक एलसीडी ४० वॉट-तास, डेक ओएलईडी ५०, पहिला ॲलाय ४०, लीजन गो ४९.२, ॲलाय एक्स ८०. डेकचा एपीयू (प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकत्र असलेली चिप) जास्तीत जास्त १५ वॉट घेतो. स्क्रीन, मेमरी, वाय-फाय आणि फॅन धरून अख्खं यंत्र जड गेममध्ये २२ ते २५ वॉट ओढतं. ४० भागिले २४ म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. ॲलाय टर्बोमध्ये एकट्या एपीयूलाच २५ वॉट देतो, मग त्याच ४० मध्ये तासाभरात बॅटरी आटोपते. चार्जर लावूनच खेळणार असाल तर ॲलाय सरस, यात वाद नाही. लोकलमध्ये किंवा एसटीत खेळायचं असेल तर दहा-बारा वॉटच्या खाली कोण चांगलं चालतं ते बघायचं, आणि तिथं डेकचा जुना चार गाभ्यांचा झेन २ प्रोसेसर अजून मान खाली घालत नाही.

डेकवर मी सुचवतो ती पद्धत. तीन ठिपक्यांचं बटण, परफॉर्मन्स, 'प्रत्येक गेमची वेगळी प्रोफाइल' चालू. मग:

१. आधी फ्रेम बांधा, वॉट नंतर. एलसीडीवर ४० फ्रेम आणि ४० हर्ट्झ. ३० फ्रेमला एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद टिकते, ६० ला १६.७, आणि ४० ला २५, म्हणजे दोन्हींच्या बरोबर मध्ये. आकड्यात ४० हा ३० च्या जवळ वाटतो, हाताला तसा लागत नाही. ओएलईडीवर ४५ ठेवा, ९० हर्ट्झचा तो नेमका अर्धा.

२. पडद्यावरची फ्रेम आणि वॉटची आकडेपट्टी तिसऱ्या पातळीवर उघडा. गेममधल्या सगळ्यात गजबजलेल्या जागी उभं राहा. मेन्यूत उभं राहून मोजमाप करू नका.

३. आता टीडीपी (चिपला मिळणाऱ्या वॉटची) मर्यादा १५ वरून एकेक वॉटनं खाली आणा. फ्रेम डळमळली की थांबा आणि १ किंवा २ वॉट परत द्या.

४. टीडीपी खाली आणल्यावर फ्रेम सरासरीला ठीक पण मध्येच हिसके बसत असतील तर ग्राफिक्स भाग प्रोसेसरच्या तोंडचा घास पळवतोय. ताट एकच असतं, दोघं त्यातच जेवतात. जीपीयूचा वेग हातानं १६०० वरून १००० ते १२०० मेगाहर्ट्झवर बांधा, प्रोसेसरला वॉट मोकळे होतात. एम्युलेटर आणि शहरं बांधायच्या गेममध्ये याचा फरक लगेच दिसतो.

स्टारड्यू व्हॅलीसारख्या हलक्या गेमला ४ ते ५ वॉट पुरतात. १५ वर सोडून फुकट बॅटरी जाळू नका.

जुना_जॉयस्टिक

ताटाची उपमा पटली. शब्द मागे घेतो, अर्धेच.

सातासमुद्रा

घेण्याबद्दल. स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. इथं जे मिळतात ते आयात केलेले, म्हणजे वॉरंटी असली तर दुकानदाराची. बिलावर कुणाची आणि किती महिन्यांची हे लिहून घ्या, तोंडी 'आपण बघून घेऊ' नको. ॲलाय, लीजन गो, एमएसआय क्लॉ यांची कंपनीची वॉरंटी इथं मिळते, आणि माझ्या मते त्यांच्या बाजूनं हाच सगळ्यात वजनदार मुद्दा आहे.

अमेरिकेतून कुणी आणत असेल तर: विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी केबिनमध्ये चालते. वर दिलेली सगळी यंत्रं त्यात बसतात. पॉवर बँक चेक-इन बॅगेत अजिबात नाही. मिलिअँपियर-तासांवरून वॉट-तास काढायचे तर ३.७ नं गुणा आणि हजारानं भागा. २०,००० ची ७४ वॉट-तास, २७,००० ची जेमतेम १००. चार्जर २४० व्होल्टला चालतो, फक्त पिनचा ॲडाप्टर लागेल.

पॉवर बँक घेताना डब्यावरचा '२२.५ वॉट फास्ट चार्जिंग' हा आकडा विसरा. तो बहुधा जुन्या चौकोनी पोर्टचा, मोबाइलसाठीचा असतो. टाइप-सीला पीडी ४५ वॉट, म्हणजे १५ व्होल्ट ३ अँपियर, असं छापलेलं हवं. २० वॉटच्या पॉवर बँकेवर डेक चार्ज होतो खरा, पण जड गेम चालू असताना बॅटरी उतरतच राहते, फक्त सावकाश. ॲलायला ६५ वॉटचा लागतो.

पांडू_पेनड्राइव्ह

ॲलायवर बॅझाइट टाकण्याचा क्रम देतो. बॅझाइट म्हणजे फेडोराच्या अपरिवर्तनीय शाखेवर बांधलेलं, डेकसारखा गेम मोड (थेट स्टीमचाच पडदा) देणारं लिनक्सचं वितरण. व्हॉल्व्हचं स्वतःचं स्टीमओएस मे २०२५ च्या ३.७ आवृत्तीपासून लीजन गो एसवर अधिकृत आहे आणि इतर एएमडी हँडहेल्डवरही टाकता येतं. पण मागची बटणं, जायरो (यंत्र हलवून नेम धरणं), वॉटचा ताबा या बाबतीत ॲलाय आणि जुन्या लीजन गोवर मी आज बॅझाइटच सुचवीन. त्यात कंट्रोलर सांभाळणारा प्रोग्रॅम आधीपासून असतो, आणि तो नसेल तर यंत्राचा कंट्रोलर साधा एक्सबॉक्सचा म्हणून ओळखला जातो, जायरो-बियरो काही नाही.

विंडोज पुसण्याआधी विंडोजमध्येच करायची कामं: बायोस आणि कंट्रोलरचं फर्मवेअर आसुसच्या 'आर्मरी क्रेट' ॲपमधून ताजं करा. कंट्रोलरचं फर्मवेअर जुनं राहिलं तर यंत्र झोपवून उठवल्यावर बटणं मेलेली सापडतात, आणि लोक शिव्या लिनक्सला घालतात. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर त्याची किल्ली उतरवून ठेवा. परतीची काळजी नको, ॲलायच्या बायोसमध्ये इंटरनेटवरून विंडोज परत आणायची सोय आहे.

सामान: १६ जीबीचा पेनड्राइव्ह, यूएसबीचा कीबोर्ड आणि पॉवर पास-थ्रू असलेला टाइप-सी हब. हब विसरू नका. पहिल्या ॲलायला टाइप-सी एकच आहे. पेनड्राइव्ह लावला की चार्जरला जागा नाही, आणि बॅटरी ३० टक्क्यांवर असताना इन्स्टॉल सुरू करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

बॅझाइटच्या पानावर यंत्राचं नाव निवडलं की योग्य आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) मिळतो. 'डेस्कटॉप' की 'गेम मोड' असं विचारतं, हँडहेल्डला गेम मोड. फेडोरा मीडिया रायटरनं पेनड्राइव्हवर लिहा. यंत्र बंद करा, आवाज कमी करायचं बटण दाबून धरून पॉवर दाबा, बायोस उघडेल, तिथून पेनड्राइव्हवरून बूट करा. पूर्ण डिस्क द्या. एकाच एसएसडीवर विंडोजशेजारी घुसवता येतं, पण विंडोजनं केलेलं ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइलींची जागा) बऱ्याचदा जेमतेम १०० एमबीचं असतं, त्यात दोघांची सोय लागत नाही. करायचंच तर लिनक्ससाठी वेगळं ईएफआय पार्टिशन करा.

रात्रपाळी

इन्स्टॉल झालं, पुन्हा चालू झालं आणि निळ्या पडद्यावर काहीतरी 'एमओके' आलं. कंट्रोलरनं काही हलत नाही, काही सेकंदांत निघून गेलं. आता बूटच होत नाही. बिघडलं का?

पांडू_पेनड्राइव्ह

नाही बिघडलं. तो कीबोर्ड यासाठीच लिहिला होता :)

सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) चालू आहे आणि बॅझाइटची किल्ली यंत्राच्या नोंदीत नाही, एवढंच. तो निळा पडदा किल्ली नोंदवण्याचा. कळ दाबली नाही की तो पुढे जातो आणि मग कर्नलवरची सही ओळखू येत नाही. आता असं करा: बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा, म्हणजे बूट होईल. गेम मोडमधून पॉवर मेन्यूतून डेस्कटॉपवर जा, टर्मिनल उघडा आणि 'यूजस्ट' (ujust) एवढंच लिहून एंटर मारा. तयार कामांची यादी येते, तिच्यातलं सिक्युअर बूटची किल्ली नोंदवायचं काम चालवा. पुन्हा चालू करा, या वेळी कीबोर्ड लावून. निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके', मग 'कंटिन्यू', मग 'येस'. पासवर्ड विचारतो, तो 'युनिव्हर्सलब्लू': इंग्रजीत, एक शब्द, सगळी छोटी अक्षरं. टाइप करताना पडद्यावर ठिपकेही उमटत नाहीत, त्यामुळे घाबरू नका. मग बायोसमध्ये सिक्युअर बूट पुन्हा चालू.

रात्रपाळी

झालं! ठिपके उमटत नाहीत हे नसतं सांगितलं तर अजून तासभर बसले असते.

काटेकोर

बॅझाइटची एक गोष्ट राहिली. अपडेट म्हणजे अख्खी नवी प्रतिमा येते, जुनी तशीच मागे राहते. अपडेटनंतर आवाज गेला, फॅन किंचाळायला लागला, काहीही झालं तर बूटच्या यादीत दुसऱ्या क्रमांकाची नोंद निवडा, कालचं यंत्र परत मिळतं. स्टीमओएसही दोन जागा आळीपाळीनं वापरतं. त्यामुळे दोन्हींवर प्रणालीच्या फोल्डरात हात घालून काही बसवू नका, पुढच्या अपडेटला पुसलं जाईल. जे हवं ते फ्लॅटपॅकमधून (प्रणालीला हात न लावता वेगळे बसणारे ॲप) घ्या.

शून्य_फ्रेम

दुहेरी बूट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्ही. गेमची एक टीबीची ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजच्या फॉरमॅटची) आहे, तीच लिनक्सच्या स्टीमला दाखवली. दोन गेम चालले, बाकीचे 'प्ले' दाबलं की बटण हिरवं होऊन परत तसंच. का?

कोकणी_कर्नल

कारण एनटीएफएस. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी 'कॉम्पॅटडेटा'मध्ये त्या गेमच्या क्रमांकाचा फोल्डर करतं, त्यात एक खोटं विंडोज उभं करतं. त्या खोट्या विंडोजच्या 'सी ड्राइव्ह'साठी जी जोडणी केली जाते तिच्या नावातच अपूर्णविराम असतो. लिनक्सला ते नाव चालतं, विंडोजच्या नियमात बसत नाही. लिनक्सनं ते एनटीएफएसवर लिहिलं, मग तुम्ही विंडोजमध्ये गेलात, तिथल्या डिस्क-तपासणीला ती नावं खराब वाटली, तिनं 'दुरुस्ती' केली. परत आलात तेव्हा घर आहे, दार नाही. एक्सफॅट तर याहून वाईट, तिथं अशी जोडणी करताच येत नाही.

उपाय सरळ आहे. लिनक्सचे गेम ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या फॉरमॅटवर ठेवा. दोन्हीकडे तोच गेम हवा असेल तर दोनदा उतरवा. कॉम्पॅटडेटा तेवढा लिनक्सच्या पार्टिशनवर वळवून गेम एनटीएफएसवर ठेवण्याची युक्ती आहे, पण तिची राखण करावी लागते.

आणि कॉम्पॅटडेटातला फोल्डर पुसून गेम पहिल्यासारखा कोरा करता येतो, हे सगळे सांगतात. सेव्ह त्याच्याच पोटात असतात हे कुणी सांगत नाही. क्लाउड सेव्ह नसलेल्या गेमचा 'पीएफएक्स'मधला सी ड्राइव्ह उघडा, त्यात 'यूजर्स', त्यात 'स्टीमयूजर', तिथले डॉक्युमेंट्स, ॲपडेटा आणि सेव्ह्ड गेम्स आधी बाहेर काढा.

मिरजेचा_मॉडर

एका जपानी गेममध्ये सुरुवातीच्या व्हिडिओऐवजी टीव्हीवर पूर्वी यायच्या तशा रंगीत उभ्या पट्ट्या दिसतात. आवाजही नाही. बाकी गेम लोण्यासारखा.

काटेकोर

शेडर प्री-कॅशिंग (ग्राफिक्सचा तयार माल स्टीमकडून आधीच उतरवून ठेवणं) बंद केलंय ना, जागा वाचवायला?

मिरजेचा_मॉडर

हो!! तुम्हाला कसं कळलं?

काटेकोर

त्या पट्ट्याच चुगली करतात. काही गेमचे व्हिडिओ अशा स्वरूपात असतात ज्यांच्या डीकोडरचा परवाना प्रोटॉनसोबत देता येत नाही. म्हणून व्हॉल्व्ह ते व्हिडिओ आपल्याकडे दुसऱ्या स्वरूपात बदलून ठेवतं आणि शेडर कॅशेच्या त्याच डाउनलोडमधून तुमच्याकडे पाठवतं. कॅशे बंद, म्हणजे व्हिडिओही बंद. जागी पट्ट्या.

स्टीमच्या सेटिंगमध्ये जाऊन प्री-कॅशिंग चालू करा, गेमचं ते छोटं डाउनलोड होऊ द्या, मग उघडा. तरीही नाही झालं (गेम स्टीमबाहेरचा असेल तर होणारच नाही) तर प्रोटॉन-जीई, म्हणजे व्हॉल्व्हबाहेर बनवलेली प्रोटॉनची आवृत्ती. डेस्कटॉपवरच्या 'डिस्कव्हर' ॲप-दुकानातून 'प्रोटॉनअप-क्यूटी' घ्या, त्यातून ताजं जीई उतरवा, स्टीम पूर्ण बंद करून चालू करा, गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीत तेच निवडा. मात्र सरसकट सगळ्या गेमना जीई लावू नका. आधी साधं प्रोटॉन, मग 'एक्सपेरिमेंटल', आणि अडलं तरच जीई. उड्या मारत जुन्या आवृत्तीवर परतलात तर नव्यानं केलेला फोल्डर जुन्याला पचत नाही, आणि एक नवंच दुखणं मागे लागतं.

सातासमुद्रा

एपिक आणि जीओजीचे गेम? हिरोइक लाँचर टाकला, पण मायक्रोएसडी कार्ड त्याला दिसतच नाही.

पांडू_पेनड्राइव्ह

हिरोइक फ्लॅटपॅक आहे, म्हणजे कोंडलेला. 'फ्लॅटसील' घ्या, त्यात हिरोइक निवडा, फाइलसिस्टिमच्या भागात कार्डाचा रस्ता जोडा. डॉल्फिनमध्ये (डेस्कटॉपवरचं फाइली बघायचं ॲप) कार्डावर उभं राहून वरच्या पट्टीत दिसतो तोच रस्ता, 'रन' मग 'मीडिया' असा सुरू होतो. हिरोइक बंद करून उघडा. कार्ड मात्र गेम मोडमधून डेकनंच फॉरमॅट केलेलं असू द्या, कॅमेऱ्यातून काढून तसंच घुसवू नका. मायक्रोसॉफ्टचा गेम पास असेल तर लिनक्सवर फक्त ब्राउझरमधून क्लाउडवर, स्थानिक इन्स्टॉल नाही.

शून्य_फ्रेम

६४ जीबीचा जुना डेक स्वस्तात मिळतोय. एसएसडी स्वतः बदलता येते म्हणतात. किती अवघड?

मिरजेचा_मॉडर

माझी बारी. घाई नसेल तर अर्ध्या तासाचं काम. घाई असेल तर नवीन मागचं कव्हर शोधत बसाल.

एसएसडी एम.२ २२३० आकाराची हवी, चिपा एकाच बाजूला असलेली. २२८० बसत नाही. काही लोक खटपट करून २२४२ बसवतात, तसं करू नका: शेजारीच चार्जिंगची चिप आहे, ती तापते, तिच्यावरचा थर्मल पॅड हलला की पुढचं दुखणं एसएसडीपेक्षा महाग.

सगळ्यात आधी मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढा. आधी म्हणजे स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी. कार्ड आत राहिलं आणि कव्हर उचकटलं की कार्डाचे दोन तुकडे होतात. मग यंत्र बंद करून आवाज वाढवायचं बटण आणि पॉवर एकत्र धरा, बायोस उघडेल. पॉवरच्या भागात 'बॅटरी स्टोरेज मोड' चालू करा. यंत्र आपोआप बंद होतं आणि चार्जर लावेपर्यंत जागं होत नाही.

मागे आठ स्क्रू. एलसीडी डेकला फिलिप्स, ओएलईडीला टी६ टॉर्क्स. एलसीडीत चार लांब (९.५ मिमी), चार आखूड (५.८ मिमी). कागदावर डेकची आकृती काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवा. एलसीडीचे स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये आटे पाडून बसतात, त्यामुळे परत लावताना आधी उलटं फिरवून 'टक्' जाणवू द्या आणि मग सुलटं. जोर लावलात तर नवे आटे पडतात आणि स्क्रू कायमचा सैल.

कव्हर मुठींच्या बाजूनं, ट्रिगरजवळून गिटारच्या पिकनं सोडवा. आत एक धातूचं झाकण दिसेल, त्याला तीन स्क्रू. तिसरा चंदेरी चिकटपट्टीखाली लपलेला असतो. तो न दिसल्यानं लोक झाकण वाकवतात. झाकण निघालं की बॅटरीचा कनेक्टर सरळ मागे ओढून सोडवा, वायरींना धरून नाही. मग एसएसडीचा एक स्क्रू. जुन्या एसएसडीवर एक चंदेरी मोजा चढवलेला असतो, तो काढून नवीवर चढवा. तो शोभेचा नाही, वाय-फायला त्रास होऊ नये म्हणून आहे.

प्रणालीसाठी व्हॉल्व्हच्या पानावरची रिकव्हरी प्रतिमा, ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह, विंडोजवर रूफस. चार्जर लावून यंत्र जागं करा, पुन्हा बंद करा, आवाज कमीचं बटण धरून पॉवर, 'टिंग' आवाज आला की सोडा, यादीतून पेनड्राइव्ह निवडा. डेस्कटॉप येईल, त्यावर 'रीइमेज स्टीम डेक'. आधी चार्जर लावलेला असू द्या.

काटेकोर

+१. भर इतकीच की प्लास्टिकचे आटे आधीच घासलेले जुने डेक बाजारात पुष्कळ आहेत. विकत घेताना आठही स्क्रू हातानं तपासा.

वऱ्हाडी_वॉट

राजेहो, तुम्ही सगळे पुण्या-मुंबईच्या हवेत बोलून राहिले. अकोल्यात मे महिन्यात ४५ ला पारा जाते, तेव्हा काय करायचं ते सांगा ना.

बॅटरीवाला

रास्त प्रश्न. व्हॉल्व्हनं स्वतः सांगितलेली हद्द ० ते ३५ अंश, आसपासच्या हवेची. त्यापुढे डेक स्वतःचा वेग कमी करतो. चिप १०० अंशांपर्यंत सुखानं चालते, १०० ला वेग आवळते, १०५ ला यंत्र बंद. म्हणजे पडद्यावर ८५-९० दिसलं तर घाबरू नका, ते नेहमीचं. ९८-९९ ला चिकटून फ्रेम पडायला लागल्या तर मात्र ऐका.

४० अंशांच्या खोलीत टीडीपी ९ वर बांधा आणि ३० किंवा ४० फ्रेम. उष्णता शेवटी वॉटच आहे, फॅनला जास्त बोलून उपयोग नाही. हवा मागच्या जाळीतून आत येते आणि वरून बाहेर जाते, त्यामुळे मांडीवर, उशीवर, गादीवर टेकवू नका. सिलिकॉनचं कव्हर उन्हाळ्यापुरतं काढा. कूलरच्या समोर बसा हवं तर, पण ओल्या झोताच्या तोंडाशी नको.

बॅटरीला चिपपेक्षा जास्त जपा. उन्हाळ्यात चार्जिंग आणि जड गेम एकत्र नको. ३.७ पासून स्टीमओएसमध्ये चार्जिंगची मर्यादा घालता येते, ८० टक्के ठेवा. बंद कारच्या डॅशबोर्डवर ठेवणाऱ्याला काही सांगण्यात अर्थ नाही.

वऱ्हाडी_वॉट

जमलं. कूलरच्या तोंडाशीच बसून राहिलो होतो.

रात्रपाळी

शेवटचा एक. टीव्हीला डॉक लावला तर गेम धुरकट दिसतो. टीव्ही ४के आहे.

कोकणी_कर्नल

गेमला अजून ८००पीच मिळतंय आणि टीव्ही ते ताणतोय. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'गेम रिझोल्यूशन' हा पर्याय आहे, तो 'डिफॉल्ट'वरून १९२०×१०८० करा, मग गेम उघडून आतलं रिझोल्यूशनही तेच. 'नेटिव्ह' करू नका, ४के डेकला झेपायचं नाही. आणि हातातल्या प्रोफाइलमधली टीडीपी मर्यादा डॉकवरही लागूच असते. ९ वॉटवर बांधून ठेवलं असेल तर आधी ते सोडा.

रात्रपाळी

९ च होतं.